सिग्नलला गाडी बंद केली की पेट्रोल जास्त जातं? नाही हो, उलट आहे

एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. सिग्नलला इंजिन बंद करू नका, परत स्टार्ट करताना दोन-तीन मिनिटांचं पेट्रोल एका झटक्यात जातं, धूर जास्त होतो, स्टार्टर-बॅटरीची वाट लागते, त्यापेक्षा सिग्नल दिसला की लांबूनच न्यूट्रल करा आणि गाडी चालूच ठेवा. लोक हे खरं मानून तसंच करतायत म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी पेट्रोलचं बघू. छोट्या पेट्रोल कारचं इंजिन नुसतं उभ्याउभ्या तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पितं, ०.६ लिटर धरा, म्हणजे मिनिटाला १० मिली. आणि गरम इंजिन परत चालू करायला किती लागतं, तर अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीने हे मोजलंय, साधारण १० सेकंद आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) लागतं तेवढंच, म्हणजे दोन मिलीसुद्धा नाही. ९० सेकंदांच्या सिग्नलला चालू ठेवली तर १५ मिली जातात, बंद करून परत चालू केली तर दोनच्या आत. मग दोन-तीन मिनिटांचं पेट्रोल कुठून आलं?

कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या जमान्यातून आलं. तेव्हा चोक ओढा, ॲक्सिलरेटर दाबा असं करत गाडी चालू व्हायची आणि बरंच पेट्रोल फुकट जायचं. आता इंजिन किती तापलंय ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा कॉम्प्युटर, सेन्सरवरून बघतो आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) तेवढंच मोजून सोडतो.

धुराचा मुद्दा थंड इंजिनाला लागू आहे, सिग्नलला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग, साधारण २५०-३०० डिग्रीच्या वर तापला की नीट काम करतो, म्हणून सकाळचा पहिला स्टार्ट सगळ्यात घाण असतो, पण एकदा तापलेला कन्व्हर्टर मिनिट-दीड मिनिटात गार पडत नाही. आणि एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतोच, गाडी उभी असली तरी, तो धूर शेजारच्या टू-व्हीलरवाल्याच्या थेट तोंडावर जातो याचं मला जास्त वाईट वाटतं.

स्टार्टर-बॅटरीच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे थांबल्यावर इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाड्यांना दणकट स्टार्टर आणि त्यासाठीच बनवलेली मजबूत (एजीएम किंवा ईएफबी प्रकारची) बॅटरी असते, साध्या गाडीला नसते, त्यामुळे बॅटरी म्हातारी झाली असेल तर प्रत्येक छोट्या सिग्नलला नको, लांबलचक सिग्नलला करा.

आता न्यूट्रल, हा सल्ला तर साफ चुकीचाय. इंजेक्शनवाली गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोलच बंद करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरायला परत पेट्रोल लागतं. डॅशबोर्डवर चालू मायलेज दिसत असेल तर बघा, गिअरमध्ये पाय उचलला की आकडा एकदम टोकाला जातो आणि क्लच दाबला की खाली येतो. म्हणजे लाल दिवा लांबून दिसला की पाय उचलायचा, गिअरमध्येच हळू होत यायचं, क्लच अगदी शेवटी. आणि किल्ली गाडी पूर्ण थांबल्यावरच फिरवायची, चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा कडक होतो.