तुमच्या एका स्टारला उत्तर

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलं की थंडीआधी आईबाबांच्या घरावर आमच्याकडून टिना, म्हणजे पत्रे, टाकून घेतल्या, मजुरीसकट १८ हजार मोजले, आमची माणसं चार दिवस उशिरा आली, पहिल्याच अवकाळीत मागची खोली गळली, आणि आता पाऊस नसतानाही पहाटे अंथरुणावर पाणी टपकते. "माल हलका लावला," असंही लिहिलं. परवा संध्याकाळी वाचलं आणि काल पहाटे साडेपाचला तुमच्या घरी जाऊन आलो. काकूंनी शिव्या द्यायच्या ऐवजी चहा पाजला. त्याचंच जास्त लागलं.

उशीर मान्य. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, सुरू असला की साकोली-अर्जुनी पट्ट्यात मजूर मिळत नाही, हे मला काही नवीन नाही. तारीखच पुढची द्यायला पाहिजे होती.

पावसात गळलं ती चूकही आमचीच. नालीदार पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर मारतात, कारण पाणी वाहते ते खोलगटातून. आमच्या नव्या पोराने पूर्वेच्या बाजूला तीन स्क्रू खोलगटात मारून ठेवले. पावसाळ्यात झड पश्चिमेकडून येते म्हणून ती बाजू मी स्वतः चढून पाहिली होती. हा अवकाळी नेमका पूर्वेकडून झोडपून गेला. काल वरून बादलीने पाणी ओतलं, तर त्या तीन जागा सोडून कुठेच थेंब नाही. सिलिकॉन भरून वेळ मारून नेता आली असती, पण आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत पत्रा ताणतो-आकसतो आणि भरलेलं सुटते. म्हणून तो पत्राच बदलून देतो, या रविवारी. पैसे नाही.

पण पहाटेचं पाणी पावसाचं नाही, भाऊ. मी टॉर्च मारून आतून बोट फिरवलं. अख्ख्या पत्र्याला बारीक दाणे आले होते, एकही ओघळ नव्हता. आडव्या पाइपाशी येऊन ते एक होतात आणि खाली पडतात. थंड पाण्याच्या तांब्याला घाम येतो, तसाच हा. पाऊस गेल्यावर आभाळ निवळलं, पारा आठ-नऊवर आला, अशा रात्री उघड्यावरचा पत्रा हवेपेक्षाही गार पडतो. आत तीन माणसांचा श्वास, ओली जमीन, शेगडीवर उकळणारं पाणी. ती वाफ जाणार कुठे? वारा लागतो म्हणून काकूंनी आढ्याखालची फट पोती कोंबून बंद करून घेतली, आणि कोंबून दिली आमच्याच पोराने. त्याने नाही म्हणायला पाहिजे होतं.

आधीच्या कवेलूत, म्हणजे मातीच्या कौलांत, हे होत नव्हतं, कारण कवेलूच्या फटींतून घर श्वास घेते. म्हणून मी आधी कवेलू फेरून घ्या, म्हणजे फुटके बदलून परत रचून घ्या, म्हणत होतो. बाबांचं म्हणणं, वानरं दर आठवड्याला दहा-वीस फोडतात, फेरायचं तरी किती वेळा? तेही खोटं नाही.

रविवारी पोती काढतो आणि तिथे जाळी लावतो. वारा थोडा येईल, वानर येणार नाही. पलंगावरच्या भागापुरते बांबूचे तट्टे पत्र्याखाली वीतभर सोडून बांधले तर थेंब अंगावर पडणार नाही आणि गारवाही कमी लागेल. तट्ट्यांचे पैसे तुमचे, बांधणी आमची.

एक मात्र आजच घरी फोन करून सांगा. दार-खिडकी लावून कोळशाची शेगडी आत ठेवून झोपू नका. धूर दिसत नसला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच जीव घेतो. मी काल शेगडी बाहेर सपरीत (ओसरीत) काढून ठेवली, पण बाबांचा चेहरा पाहून वाटलं, रात्री परत आत गेली असेल.