१६३वा सामना परत आणा!

सप्टेंबर आला की दरवर्षी माझं डोकं फिरतं. मेजर लीग बेसबॉलच्या हंगामात १६२ सामने जीव तोडून खेळायचे आणि बरोबरी झाली की निकाल कागदावर! २०२५ मध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि टोरांटो ब्लू जेज, दोघांचेही ९४ विजय. आपसातल्या १३ लढतींपैकी टोरांटोने ८ जिंकलेल्या, म्हणून विभागाचं, म्हणजे त्यांच्या गटाचं, विजेतेपद त्यांना. टोरांटो छानच खेळलं, त्याबद्दल वाद नाही. पण १९७८ मध्ये अशीच बरोबरी झाली तेव्हा यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स बॉस्टनच्या फेनवे मैदानावर जादा, १६३वा सामना खेळले होते. यांकीजच्या बकी डेंटचा तो होमरन! २०२२ पासून हा सामनाच बंद. वर २०२३ पासून विभागातल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी १९ऐवजी १३च लढती. ज्यांच्यावर निकाल ठरवता, त्याच कमी करता? अहो, मैदानात सोडवा ना!