बोट लावल्याने काय होते, विचारता?

स्क्रीनला बोट लावलं म्हणून आभाळ कोसळत नाही, अशा अर्थाचा एक मेसेज सध्या ऑफिसच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रीन काचेची असते, तिला बोटाने काही होत नाही. मोबाइलला दिवसभर बोटं लावणाऱ्यांनी मॉनिटरचा बाऊ करू नये. डाग पडलाच तर काच पुसायचा निळा स्प्रे नाहीतर स्पिरिट मारावं. बोट टेकवल्याशिवाय नेमकं दाखवता येत नाही. आणि एवढ्याशा गोष्टीवर चिडणारे लोक मुळात माणूसघाणे.

मी नागपुरात बर्डीजवळ लग्नपत्रिका, बायोडाटा, फ्लेक्स असं डीटीपीचं काम करतो. हा मेसेज मला ज्यांनी ज्यांनी पाठवला, त्यातले बरेच जण माझ्या खुर्चीमागे उभे राहून ‘हे पाहा भाऊ, हे नाव जरा वर घ्या’ म्हणत स्क्रीनवर बोट आपटून गेलेले आहेत. तेव्हा उत्तर द्यायचा थोडा हक्क माझाही आहे.

काचेपासून सुरू करू. दुकानात, ऑफिसात असतो तसल्या बहुतेक साध्या मॉनिटरला बाहेरून काच नसतेच. आत मागून एलईडीचा उजेड असतो, पुढे दोन पातळ काचा, त्यांच्या मध्ये जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकांचा थर आणि काचांच्या दोन्ही बाहेरच्या अंगांना पोलरायझरची, म्हणजे एकाच दिशेचा उजेड पुढे जाऊ देणारी फिल्म. आपण जिला स्क्रीन म्हणतो ती म्हणजे सगळ्यात पुढची ही फिल्म. ती प्लास्टिकची असते, आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडू नये म्हणून तिचा वरचा थर मुद्दाम बारीक खरबरीत ठेवलेला असतो. बोट दाबलं की रंगांचे तरंग उठतात, कारण आतले स्फटिक जागचे हलतात.

इथे मेसेजवाल्यांना एक गोष्ट देऊन टाकतो. बोट उचललं की ते स्फटिक परत जागेवर येतात. हलक्या हाताने टेकवलेल्या बोटाने पॅनेल मरत नाही, आणि ‘एक बोट लागलं की पिक्सेल गेला’ म्हणणारेही अतीच करतात. पेनाचं टोक, अंगठी, लांब नख यांची गोष्ट वेगळी. त्यांचा ओरखडा कायमचा.

मग तक्रार कशाची? डागाची, आणि त्याहून जास्त तो पुसण्याची.

बोटांच्या टोकांना तेलाच्या ग्रंथी नसतात, तिथे फक्त घाम येतो. तेल लागतं ते कपाळावरून, केसांतून हात फिरवल्यामुळे. नागपुरात त्यात तर्रीची, म्हणजे पोह्यांवर घेतात त्या तेलकट रश्श्याची भर पडते. सकाळी ठेल्यावर तर्री-पोहा खाऊन कागदाला हात पुसून आलेला माणूस माझ्या दृष्टीने सर्वांत धोकादायक, आणि त्याच्या खालोखाल पन्नीत सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा घोटून आलेला. तर्रीचं तेल त्या बारीक खरबरीत थरात भरून बसतं आणि तेवढाच तुकडा चकाकायला लागतो. ओलं बोट असेल तर पाण्याचा बारीक थेंब भिंगासारखं काम करतो आणि पांढऱ्या पानावर लाल-हिरवे-निळे ठिपके दिसू लागतात. रंग जुळवत बसलेल्या माणसासाठी तेवढा भाग बाद.

देवनागरीत तर ठिपका म्हणजे अक्षरच. सुपारीचा कण किंवा वाळलेल्या चुन्याचा शिंतोडा नावाच्या डोक्यावर बसला की स्क्रीनवर ‘मेंढे’ दिसतं आणि पत्रिकेवर ‘मेढे’ छापून येतं, कारण अनुस्वार खर्ऱ्याचा होता. पाहुण्यांत पत्रिका वाटून झाल्यावर हे मुलीच्या बापाला समजावून सांगा.

आता स्प्रे आणि स्पिरिट. मेसेजमधला हाच सल्ला खरा महागात पडणारा आहे. काच पुसायच्या काही स्प्रेमध्ये अमोनिया असतो, आणि चकाकी रोखणाऱ्या थराला तो चालत नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन त्याहून वाईट. काही कंपन्या त्यांच्या काचेच्या डिस्प्लेला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं म्हणतात, पण तेवढ्यावरून आपल्या साध्या मॉनिटरला औषधाच्या दुकानातलं कुठलंही स्पिरिट चोळू नये. शिवाय फवारा थेट स्क्रीनवर मारला की ओघळ खालच्या कडेतून आत उतरतो. बाहेरून पुसून स्वच्छ, आतून पट्टे.

त्यात आपल्याकडची धूळ. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, कोरडी लू वाहते, खिडक्या बंद ठेवल्या तरी टेबलावर थर बसतो. या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असतात. कोणी गडबडीत रुमाल किंवा ओढणी घेऊन ‘थांबा, मीच पुसून देतो’ म्हणत डाग घासला, की ते कण फिल्मवर फिरतात. सदिच्छेने केलेल्या अशा पुसण्यानेच स्क्रीनवर बारीक रेघा पडतात. कूलरच्या टाकीतलं पाणी फडक्याला लावलं तर क्षारांचे पांढरे डाग वेगळे. बरोबर पद्धत अशी: मॉनिटर बंद करायचा, आधी धूळ हलकेच झटकायची, मग स्वच्छ मायक्रोफायबर कापड फिरवायचं. तेलकट डाग नाहीच गेला तर कापडाचं टोक इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने जरासं ओलं करायचं. बोट लावायला एक सेकंद लागतो; ही बाकीची पूजा मला करावी लागते, तीही काम थांबवून.

मोबाइलचा मुद्दा पटकन संपवतो. फोनच्या पुढे खास कडक केलेली काच असते. पोटॅशियमच्या क्षारात बुडवून तिच्यातल्या सोडियमच्या जागी मोठे पोटॅशियमचे आयन बसवतात, त्यामुळे तिचा वरचा थर दाबात राहतो आणि तिच्यावर सहज चरे पडत नाहीत. वर तेल न धरणारा लेप असतो. आयफोनला तो २००९ च्या थ्रीजीएसपासून आहे. म्हणजे ती वस्तू बोटासाठीच घडवलेली आहे. टेबलावरच्या उभ्या स्क्रीनला बोट लावायचा संगणकही एचपीने १९८३ मध्ये काढला होता, एचपी-१५०. त्याच्या कडेला बारीक छिद्रांत इन्फ्रारेडचे दिवे होते, खालच्या छिद्रांत धूळ भरली की स्पर्श कळायचा बंद व्हायचा. शिवाय उभ्या स्क्रीनपुढे हात उचलून थोडा वेळ धरून पाहा, खांदा सांगेल. आणि राहता राहिलं म्हणजे, तुमच्या हातातल्या तुमच्या फोनवर मी येऊन बोट ठेवलं तर चालेल?

बोटाशिवाय नेमकं दाखवता येत नाही, हे अर्धं खरं आहे. मागे उभ्या माणसाने हवेत बोट धरलं तर त्याला ते एका ओळीवर दिसतं आणि बसलेल्याला दुसऱ्याच. म्हणून माणूस नकळत टेकवेपर्यंत जातो. पण टेकवल्यावर तरी काय नेमकं होतं? २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल साधारण ०.२८ मिलिमीटरचा. बोटाचं टोक सेंटिमीटरभर धरलं तरी त्याखाली पस्तीसेक पिक्सेल रुंद तुकडा झाकला जातो. जी मात्रा दाखवायची तीच बोटाखाली.

नेमकं दाखवायची सोय फार जुनी आहे. अमेरिकी संगणकतज्ज्ञ डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत माउस लोकांसमोर आणला, तेव्हा पन्नासेक किलोमीटरवर बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच मजकुरावर काम करून दाखवलं. दोघांचे पॉइंटर एकाच पडद्यावर होते, आणि इतक्या अंतरावरून कोणी कोणाच्या स्क्रीनला हात लावायचा प्रश्नच नव्हता. आज तर विंडोजमध्ये माउसच्या सेटिंगमधे एक खूण केली की कंट्रोल दाबल्यावर कर्सरभोवती वर्तुळं उमटतात. एक्सेल असेल तर ‘डी १४’ म्हणा. पत्रिका असेल तर ‘तिसरी ओळ, मामाचं नाव’ म्हणा. माउस मागितला तर तोही देतो.

राहिलं माणूसघाणेपण. पत्रिका करायला अख्खं घर येतं आणि मला ते आवडतं. काकाजी आजोबांचं नाव कुठे बसवायचं यावर मावशीशी भांडतात, नवरीचा भाऊ मध्येच ‘काहून एवढा लाल रंग घेऊन राहिले?’ म्हणतो. मोठ्या माणसाला ‘हात लावू नका’ म्हणणं मला जमत नाही, आणि भिंतीवर तशी पाटी लावून काही होत नाही, हे सगळ्याच दुकानदारांना माहीत आहे. म्हणून मी पहिला प्रूफ लगेच साध्या ए-फोर कागदावर काढून काउंटरवर ठेवतो, सोबत लाल पेन. काकाजी चश्मा लावून खुर्चीवर बसतात आणि हवं तिथे गोल करतात, तर्रीच्या हाताने केला तरी माझी हरकत नसते. खाली त्यांची सही घेतो. मग ‘मेंढे’चा अनुस्वार कोणाचा, यावर नंतर वाद होत नाही.