मशबूह

वरच्या आपांचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हा नियम आमच्या घरात माझ्या लग्नाच्याही आधीपासून पाळला जातो. ईदेला वरच्या मजल्यावरून शीरखुर्मा खाली येतो, दिवाळीला आमच्या चकल्या-करंज्या वर जातात आणि एरवी तो स्टीलचा डबा जिन्यावरून नुसता ये-जा करत असतो. मुळात तो कोणाच्या घरचा, हे आता दोन्ही घरांना आठवत नाही.

यंदा बायको ग्वाल्हेरला माहेरी, त्यामुळे डबा भरायचं काम माझ्याकडे आलं. न्यूजर्सीच्या भाच्याने आणलेलं मार्शमॅलोचं पाकीट कपाटात होतंच. मी ते डब्यात ओतणार, इतक्यात आतून आईचा आवाज आला, "काय घातलंय त्यात ते वाच आधी. त्यांना चालायला हवं."

आईचं वय ब्याऐंशी. चातुर्मासात कांदा-लसूण टाळण्यापायी तिने जन्मभर पाकिटांच्या पाठी वाचल्यात. 1983 साली वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचा बोभाटा झाला, तेव्हा तिने घरातला अख्खा डबा उकिरड्यावर ओतला होता आणि त्या दिवाळीत आम्ही चिवड्यावर भागवलं होतं. तेव्हा ऐकणं भाग होतं.

पाकिटावर जिलेटिन होतं. कशाचं, ते लिहिलेलं नाही. ते डुकराच्या कातडीचं असतं, गुरांच्या हाडांचं असतं, कधी माशाचंही. "म्हणजे त्यांनाही नाही आणि आपल्यालाही नाही," आईने निकाल दिला. पाकीट आदल्या रात्रीच निम्मं झालं होतं. कोणामुळे, ते मी बोललो नाही.

मग इंदूरचा सियागंज बाजार गाठला. स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत अर्धा तास गेला, त्याबद्दल न बोललेलं बरं. एक झकपक वेफर बिस्किटांचा खोका घेतला आणि आईचं स्मरण करून उलटा केला. इमल्सिफायर 322, 471. मोबाइलवर शोधलं. 322 म्हणजे लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनचं. बरं. 471 म्हणजे तेल आणि पाणी यांचं भांडण मिटवणारा मध्यस्थ. तो पामतेलातूनही काढतात आणि जनावराच्या चरबीतूनही, पण नंबर दोघांचा एकच. आडनाव सारखं म्हणून कूळ सारखं नसतं, तसं.

"भिया, हरा निशान है, आँख मीच के ले जाओ," दुकानदार म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. हिरवा ठिपका असेल तर 471 वनस्पतीचाच असायला हवा. पण मी आता वाचत सुटलो होतो. आजवर मला वाटायचं, हिरवा ठिपका म्हणजे सगळ्या देवांची एकत्र परवानगी. तो बिचारा फक्त एवढंच सांगतो की आत प्राणिजन्य काही नाही, आणि त्यातूनही दूध, मध, लाखेला सूट आहे. दारूशी त्याला काही देणंघेणं नाही. खऱ्या व्हॅनिलाच्या शेंगा दारूत भिजवूनच अर्क काढतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्या अर्कात किमान 35 टक्के अल्कोहोल लागतं. माझ्या खोक्यावर फक्त 'व्हॅनिला फ्लेवर' एवढंच.

जिन्यातच आपांचा नातू भेटला. त्याच्या फोनमध्ये याच कामाचं अ‍ॅप. त्याने नंबर टाकला. "अंकल, 471 पे मशबूह आ रहा है."

मशबूह म्हणजे हलालही नाही, हरामही नाही, मधलं, शंकास्पद. अ‍ॅपला ठिपका दिसत नाही, नंबर तेवढा दिसतो, असं मी त्याला समजावत होतो. तेवढ्यात दारातून आईने तो शब्द उचलला. तिच्याकडे आजवर 'चालतं' आणि 'चालत नाही' असे दोनच खण होते. तिसऱ्याची तिला किती गरज होती, ते त्या दुपारी कळलं. दूधवाला मशबूह. कामवालीची ताप आल्याची थाप मशबूह. माझा मेहुणा तर पहिल्यापासूनच.

मी शरण जाऊन काजूकतली आणली. वर चांदीचा वर्ख. मोबाइलची खाज गेली नव्हती, म्हणून मोठ्याने वाचलं: पूर्वी चांदी गुरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांमध्ये ठेवून कुटायचे. 2016 साली सरकारने वर्ख करताना प्राणिजन्य काहीही वापरायला बंदी घातली. मला वाटलं, बंदीचं वाक्य ऐकून आई खूष होईल. ती पहिल्याच वाक्यावर थांबली होती. साठ वर्षं देवापुढे ठेवलेल्या कतल्या तिच्या डोळ्यांपुढून जात असाव्यात. मी काजूकतली फ्रिजच्या अगदी मागे सरकवली.

शेवटी जुनी रीत आठवली: काहीच नसलं तर डब्यात वाटीभर साखर घालून द्यावी. साखर ओतता ओतता फोनने स्वतःहून पुढची बातमी दाखवली. अमेरिकेत काही कारखाने साखर हाडांच्या कोळशातून गाळतात म्हणे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गंधकाच्या धुरावर काम होतं, हे खाली लिहिलेलं होतं. तेवढं वाचलं आणि फोन गादीखाली ठेवला.

डबा वर पोचवून आलो, तर आई कपाटाशी उभी. हातात न्यूजर्सीचं पाकीट.

"हे निम्मं कसं रे?"

"भाच्याने खाल्लं असेल."

तिने पाकीट पाहिलं. मग मला पाहिलं, चष्मा खाली ओढून, नीट.

"मशबूह," म्हणाली आणि देवघरात गेली.