पेढे वाटले, पण केस संपली नव्हती

गेल्या शुक्रवारी माझ्या मावसभावाला चाकणच्या रूमवरून पोलीस घेऊन गेले. सेकंड शिफ्ट संपवून आला होता बिचारा, अंघोळ पण झाली नव्हती, दारात गावाकडच्या ठाण्याचे दोन हवालदार. रूम पार्टनरला वाटलं याने काहीतरी मोठं कांड केलंय. कांड काहीच नाही, कागद न वाचणं एवढंच.

झालं असं की बांधावरून भांडण झालं, याने काठी घातली, आयपीसीचं ३२४ (हत्याराने दुखापत) लागलं, सहा वर्षं तारखा चालल्या आणि शेवटी गुन्हा शाबीत झाला. पण पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने १९५८ च्या प्रोबेशनच्या कायद्याखाली जेलमध्ये न पाठवता चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडला, दोन वर्षं, प्रोबेशन ऑफिसरची देखरेख, राहतोस तिथेच राहायचं, आणि जामीनदार आमचे मामा. कोर्टाबाहेर पेढे वाटले आम्ही! सुटला सुटला. अरे सुटला कुठे, शिक्षा नुसती लटकवून ठेवलेली. कायद्यात लिहिलंय की अटी आरोपीला समजावून सांगायच्या आणि ऑर्डरची कॉपी त्याला, जामीनदाराला द्यायची. कॉपी मिळाली होती, आईच्या ट्रंकेत होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाइट बिलांच्या खाली. समजावलं किती ते त्यालाच माहीत, तो म्हणतो "सही कर म्हणले, केली".

मग कुणाला न सांगता कंपनीत लागला. ऑफिसर घरी आले, हा नाही. समन्स आलं, ते पण ट्रंकेत. मग वॉरंट. आणि पारावरच्या एका हुशार माणसाने सांगितलं, सहा महिने सापडला नाहीस की वॉरंट आपोआप लॅप्स होतं. या एका वाक्याने किती पोरांची वाट लावली असेल देव जाणे. वॉरंट शिळं होत नाही. कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा ते बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी कामकाजाचा कायदा) ७० कलम होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये ७२, बाकी तेच. वॉरंट असलं की पासपोर्ट नाकारता येतो, असलेला जप्त पण होऊ शकतो. लपूनच राहिलास तर फरार घोषित करून मालमत्ता जप्तीपर्यंत जातं.

गंमत (?) ऐका. प्रोबेशनची अट पहिल्यांदाच मोडली असेल तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनवू शकतं, नाहीतर नुसता दंड करून बाँड चालू ठेवू शकतं, आणि तो दंड जास्तीत जास्त किती? ५० रुपये. १९५८ चे ५०, आजही तेवढेच. म्हणजे समन्स आल्यावर वकील घेऊन स्वतः उभा राहिला असता तर कदाचित दोन वडापावात भागलं असतं. माझं स्पष्ट मत आहे, स्वतःच्या पायाने गेलेल्या माणसाकडे आणि पकडून आणलेल्या माणसाकडे कोर्ट एकाच नजरेने बघत नाही, बघूही नये.

शनिवारी सुट्टीच्या कोर्टात हजर केलं, सोमवारी आमच्या कोर्टाने झापलं, सध्या जामिनावर बाहेर आहे, शिक्षा द्यायची का दंड यावर पुढची तारीख. कंपनीने कामावर येऊ नको सांगितलंय. मामांना बाँडची रक्कम का वसूल करू नये म्हणून नोटीस आलीय, ते मावशीशी बोलत नाहीयेत.

आणि नवीन जामीनदार म्हणून माझा सातबारा मागतायत. बायको म्हणते आधी ट्रंक उघडून सगळे कागद वाच.