प्रभावी शिक्षक व्हायचंय? आधी फोटो काढा

मागच्या आठवड्यात शहरातल्या एका हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण झालं. विषय : प्रभावी वर्गअध्यापनासाठी शिक्षकांची व्यावसायिक उद्दिष्टे. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला 50 तास व्यावसायिक विकास करून घ्यायचा आहे, त्यातलाच हा हप्ता. पडद्यावरची प्रत्येक स्लाइड आम्हाला मोठ्याने वाचून दाखवण्यात आली. मास्तर लोकांना वाचता येत नसावं, असा समज असेल. शेवटी फॉर्म. ‘आपली वर्षभराची उद्दिष्टे लिहा.’ मी लिहिलं, ‘चौथीतल्या सगळ्या पोरांना जोडाक्षरांचा उतारा न अडखळता वाचता यावा.’ फॉर्म परत आला. ‘गुरुजी, हे उद्दिष्ट नाही. हे तर तुमचं रोजचं काम आहे.’

तेव्हा नव्याने रुजू झालेल्या शिक्षणसेवकांनो, 16,000 रुपये मानधनावर तीन वर्षं काढायची आहेत ना? मग खरी उद्दिष्टं माझ्याकडून लिहून घ्या.

फोटोग्राफी शिका. डीएडला शिकवलेलं बालमानसशास्त्र राहू दे बाजूला, आधी जिओ टॅगचं अ‍ॅप घ्या. आज वृक्षारोपण, उद्या हात धुवा, परवा कसली तरी शपथ. फोटोत बॅनर दिसला पाहिजे, तारीख-ठिकाण उमटलं पाहिजे, पोरं हसरी पाहिजेत. नळाला पाणी नसलं तरी चालतं, हात पुढे करून उभं केलं की झालं. परवा माझ्या वर्गात ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली एक पोरगी वाचत होती. दिवाळीनंतर आली, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की जाणार. ‘सूर्य’ला ती रोज ‘सूय’ वाचायची, डोक्यावरचा रफार तिला दिसायचाच नाही. त्या दिवशी तिचं बोट तिथं थांबलं. ‘सू... र...’ ओठ हलत होते, आणि माझ्या खिशात मोबाईल वाजायला लागला. ‘सर्वोच्च प्राधान्य. शपथेचा फोटो व लिंक दुपारी 2 पर्यंत. विलंब झाल्यास जबाबदारी आपली राहील.’ आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते. तिथं उभा राहून लिंक उघडतोय, ती उघडेना, फोटो चढेना, तोवर इकडं सुट्टीची घंटा. पोरगी पुस्तक मिटून ताट घेऊन खिचडीच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी परत ‘सूय’. आणि फोटो? ‘बॅनर नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा.’

निरंक माहितीसुद्धा ‘निरंक’ म्हणून वेळेत कळवायला शिका.

आधारवर नावात एक वेलांटी चुकली असेल तर त्या पोराला मनातल्या मनात अनोळखी माना, पोर्टल मानतंच.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास चालू ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2025 च्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलेल्या जुन्या गुरुजींनाही ती सुटत नाही. परिपाठ आणि खिचडीची चव नोंदवही यांच्यामध्ये थोडा वेळ मिळतो.

दोन मास्तर आणि चार वर्ग असतील तर एकाला कायम मीटिंगला ठेवा. राहिलेला चारही वर्ग बघतो. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात, त्याचंही प्रशिक्षण आहे, आणि तेही शाळेच्याच वेळेत.

आता बास. उपरोध करायचाही कंटाळा आला. साहेब, शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याचं कलम 27 तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. 2019 च्या पुरात आमच्या कोल्हापुरात शाळा उघडून दिल्या, माणसं सांभाळली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही आणि काढणारही नाही. पण बॅनर धरायला कसली आपत्ती आली होती? याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत घातलं नाही तर बापाला महिन्याला एक रुपया दंड होता. इथं पोर फडातून चालत येऊन वर्गात बसलंय आणि तुम्ही त्याच्या पुढ्यातला मास्तर उठवून नेताय. तुमचा दंड कुणी वसूल करायचा?

आणि गावकऱ्यांनो, तुम्हीही फोटोला अंगठा देऊन मोकळे होऊ नका. शाळेचा ग्रुप बघता, पोराची वही कधी बघता? शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला सही करून जाता, तिथं एकदा विचारा की मास्तर वर्गावर किती तास असतो.

साहेब, पुढच्या भेटीला आलात की ऑफिसात बसून रजिस्टरं मागू नका. चौथीच्या वर्गात या, त्या पोरीला एक पान वाचायला लावा. ती अडली तर सगळ्यांसमोर मला झापा, मी खाली मान घालून ऐकून घेतो.