बारा सेंटिमीटरात अख्खं गाव

आमच्याकडे, म्हणजे विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, डिझाइन म्हणजे फ्लेक्स. १० बाय ८ फुटांचा, चौकात टांगलेला, मधोमध वाढदिवसाचा मानकरी आणि खाली शुभेच्छुकांची तीन रांगांत मांडलेली मुंडकी. या परंपरेत वाढलेला गायक स्वतःचा अल्बम काढायला निघतो, तेव्हा कव्हर करणाऱ्याला, म्हणजे मला, तेच सगळं १२ सेंटिमीटरांच्या चौकोनात बसवायचं असतं.

"भाऊ, माहा फोटो मोठा. बाजूले ढोलकीवाला. खाली बाबा, त्याईनंच स्टुडिओचे पैसे देल्ले. वरतं तुकडोजी महाराज. अन् कोपऱ्यात सरपंच, लहानसा."

स्वतंत्र कलावंत म्हणजे ज्याच्या मागे कंपनी नसते. मामा असतो. आणि कंपनीला नाही म्हणता येतं, मामाला येत नाही.

अशा वेळी वाद घालू नये, मोबाइल काढावा. ऑनलाइन गाण्यांसाठी कव्हर ३००० बाय ३००० पिक्सेलचं, आरजीबी म्हणजे पडद्यावरच्या रंगातलं, जेपीजी किंवा पीएनजी लागतं. ऐकून गायकाची छाती फुगते. मग तेच कव्हर गाण्यांच्या यादीत दाखवावं. तिथं ते अंगठ्याच्या नखाएवढं असतं. त्यात सरपंच म्हणजे तीळ आणि बाबा म्हणजे तांदूळ. माझी कसोटी ठरलेली आहे: कव्हर बारीक करून फोन हातभर लांब धरायचा आणि भर दुपारी अंगणात जाऊन बघायचं. मे महिन्यातल्या उन्हात जे दिसतं तेवढंच कव्हर, बाकी रांगोळी. एक चेहरा किंवा एक वस्तू आणि नावाचे दोन शब्द टिकतात. तिसरा शब्द उष्माघातानं जातो.

याउपर "बुकिंगसाठी संपर्क" आणि खाली मोबाइल नंबर हवाच असतो. नंबर, वेबसाइटचा पत्ता, किंमत, क्यूआर कोड, यातलं काहीही ऑनलाइन कव्हरवर असलं की ते परत येतं. हे छापील आवृत्तीच्या पाठीवर घालावं. क्यूआर घालताना निदान २ सेंटिमीटरांचा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद, भोवती कोरी कड सोडून घालावा आणि छापून आल्यावर स्वस्तातल्या फोनवर तपासावा. फुकटच्या ट्रायलवर बनवलेला तर नकोच. ट्रायल संपली की स्कॅन करणाऱ्याला गाण्याऐवजी क्यूआर बनवणाऱ्या कंपनीची जाहिरात दिसते, आणि गावात बातमी पसरते की पोरगा आता सॉफ्टवेअर विकतो.

फोटोची तऱ्हा ठरलेली. शेतात, पऱ्हाटीत उभं राहून काढलेला असतो, चांगलाही असतो, पण येतो व्हॉट्सॲपवरून. वाटेत त्याचे पिक्सेल झडतात. दीड हजाराच्या आसपास उरले तर ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईला, जेमतेम ५ इंच भरतात. सीडीपुरतं भागतं, पोस्टरला नाही. "डॉक्युमेंट म्हणून पाठव" हे वाक्य मी इतक्यांदा म्हणतो की त्याला चाल लागली आहे.

आता नाव. अल्बमच्या नावात 'वऱ्हाड' असणं जवळपास सक्तीचंच, आणि या एका शब्दात संगणकाची परीक्षा असते. सेटिंग चुकलं की 'वऱ्हाड'मधला अर्धा र ह ला न जुळता, पायमोडका होऊन सुटा उभा राहतो. जुन्या फोटोशॉपमध्ये त्याला ह शी जुळवायला टाइपच्या पर्यायांत 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' निवडावं लागतं. म्हणजे अकोल्याचा माणूस व्हाया दुबई घरी येतो. नव्यात 'वर्ल्ड-रेडी लेआउट' म्हणतात, एवढाच फरक. ल आणि श यांचंही तेच. मराठी वळणाचे ल-श बऱ्याच फाँटांत दडवून ठेवलेले असतात, भाषा म्हणून मराठी निवडली तरच बाहेर येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. वाचकाला कारण सांगता येत नाही, पण कव्हर बघून "काहीतरी बँकेचं दिसून रायलं" एवढं तो म्हणतोच.

हे जमलं की फाइल छापखान्यात. तिथं कोरलड्रॉ असतं आणि ते आपल्यापेक्षा जुनं असतं, म्हणून फाइल खालच्या व्हर्जनमध्ये सेव्ह करायची. फाँट त्यांच्याकडे नसतो, म्हणून कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांच्या कर्व्ह करायच्या, नाहीतर मजकुराची नुसती खडी होते. कर्व्ह केल्यावर अक्षर हे अक्षर राहत नाही, चित्र होतं, दुरुस्त करता येत नाही. आणि ढोलकीवाल्याच्या आडनावातली चूक नेमकी त्यानंतर सापडते. त्यामुळे एक फाइल अक्षरांची, एक कर्व्हची, दोन्ही वेगळ्या नावांनी ठेवायच्या. 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल' ही नावं नव्हेत.

गाण्यांचे शब्द आत छापायचे असतील तर पुस्तिकेची पानं चारच्या पटीत येतात. पाच पानांचा मजकूर म्हणजे आठ पानांचा खर्च, आणि उरलेल्या तीन पानांवर डोळा ठेवून मामा बसलेलाच असतो. पण खरा धोका मुद्रितशोधकाचा. सज्जन माणूस 'मले' दिसलं की 'मला' करतो, 'कायले'चं 'कशाला' करतो आणि गाणं मात्रांत लंगडं होतं. आपल्याकडे ळ चा य होतो. 'काया ढग' म्हणजे काळा ढग. शोधक त्यात देह शोधतो आणि समासात नम्रपणे विचारतो, "काया की छाया?" पहिल्याच पानावर 'बोली जशीच्या तशी, एकही अक्षर बदलू नये' असं लाल शाईनं लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं छापखान्यात टिकत नाही.

रंगावर मात्र गायक हळवा असतो. "पळस फुलल्यासारखा पाह्यजे." फोनवर तो पळस पेटलेला दिसतो, कारण तिथं मागून दिवा आहे. कागदाला दिवा नसतो. चार शाईंत मॅजेंटा ७५ आणि यलो १०० केलं तरी तो पेटत नाही, आणि कोरा, चकाकी नसलेला कागद असेल तर शाई पिऊन थेट विटेवर येतो. तसाच भगभगीत केशरी हवा तर पाचवी, वेगळी शाई लागते, म्हणजे ऑफसेटवर पाचवी प्लेट. १०० प्रतींसाठी हे म्हणजे पाव किलो संत्र्यांसाठी ट्रक. मी आधी फाइल सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या त्या चार शाईंत, वळवून, एक नमुना छापून, त्याच्यासमोर ठेवतो. तो उदास होतो. पण छपाईआधी उदास झालेला परवडतो.

आवरण पुठ्ठ्याचं बरं. प्लास्टिकच्या डबीचे बिजागर एसटीच्या पहिल्या गतिरोधकाला राम म्हणतात. पुठ्ठ्याचा हिशेब असा: पुढचा भाग १२५ मिलिमीटर, कणा ३, मागचा १२५, म्हणजे लांबी २५३. वर-खाली चिकटवायच्या पट्ट्या १२-१२, म्हणजे उंची १४९. कटिंगसाठी चहूबाजूंनी ३ धरले की २५९ बाय १५५. १२ बाय १८ इंची कागद ४५७ मिलिमीटर लांब, त्यात तीन लावले तर ४६५ लागतात. आठासाठी अडलं. पट्ट्या १० च्या केल्या तर तीन मिळून ४५३, चार उरतात. आनंद व्हायच्या आत मशीन सांगतं की कडेचे काही मिलिमीटर त्याचे, तिथं ते छापत नाही. एक तर १३ बाय १९ चा कागद शोधा, नाहीतर कागदामागे दोनच काढा. १०० प्रतींना ३४ ऐवजी ५० कागद, शिवाय खराब होतील ते वेगळे. सीडीवर फोटो छापण्याचा हट्ट असेल तर तिच्या मध्यभागी १५ मिलिमीटरचं भोक आहे हे आधी सांगावं. बाबांचं नाक नेमकं तिथं येतं.

घडीच्या रेषेवर आधी क्रीझ, म्हणजे दाबाची खाच, मारून घ्यावी, आणि कागदाचा धागा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर असावा. नाहीतर गडद रंग घडीवर तडकून पांढरा दिसतो. लॅमिनेशन एकाच बाजूला असलं की उघडी बाजू हवेबरोबर ओल घेते-सोडते आणि पुठ्ठा वळतो. नागपुरात सपाट असलेला गठ्ठा ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून यवतमाळला पापडासारखा उतरतो. गठ्ठा घट्ट बांधून, वर वजन ठेवून पाठवावा. ड्रायव्हरला "वर काही ठेवू नका" सांगायचं नसतं, उलट सांगायचं.

एवढं करून सीडी वाजवायला यंत्र कोणाकडे आहे? ट्रॅक्टरला पेनड्राइव्ह लागतो. म्हणून खरा माल तोच. वर्ध्याच्या खादीच्या पिशवीत, वर एकरंगी स्क्रीन प्रिंटिंग. खादीचं पोत जाडंभरडं, बारीक रेघा त्यात गुडूप होतात, तेव्हा चिन्ह ठसठशीत हवं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करावा, जुने स्टिरिओ दुसरं ओळखत नाहीत. गाणी एमपी३ मध्ये, ३२० केबीपीएसची. फाइलींची नावं ०१, ०२ असे आकडे लावून रोमन अक्षरांत, कारण स्टिरिओच्या पट्टीवर मराठीचे चौकोन दिसतात. आणि कॉपीही क्रमानंच करावी. काही स्टिरिओ नाव बघत नाहीत, जे आधी आलं ते आधी वाजवतात. पहिलं गाणं शेवटी लागलं की ढोलकीवाला मला फोन करतो, जणू ट्रॅक्टर मी बनवला.

सगळं हातात पडतं. गायक आवरण उलटंसुलटं करून बघतो, वास घेतो, कण्यावरचं नाव बोटानं वाचतो.

"मस्त झालं भाऊ. आता असंच्या असंच पोयाच्या फ्लेक्सवर टाकून देजा. १० बाय ८."

८ बाय ८ चा चौकोन मध्ये ठेवला की दोन्ही बाजूंना एकेक फूट उरतं. मामांनी उजवी बाजू सांगून ठेवली आहे.